कारखानिसांच्या मागे कोरिया

कोपरखैरण्यात जयप्रकाश कारखानिसांइतका संशयी माणूस दुसरा नाही, असं म्हटलं तर ते स्वतःच विचारतील, "कशावरून?" शहाळेवाल्याने शहाळं सोललं की ते वाकून आत बघतात, पाणी त्यातलंच आहे ना म्हणून. लिफ्टच्या आरशात स्वतःचा चेहरा दिसला तरी त्याला आपादमस्तक न्याहाळल्याशिवाय ते बाहेर पडत नाहीत. त्यांची आत्या सांगायची, बारशाला तिने कानात नाव सांगितलं तेव्हा पाळण्यातल्या पोराने मान वळवून तिच्याकडे असं काही पाहिलं, की तिला परत आत जाऊन सगळ्यांना विचारावं लागलं, नाव हेच ठरलंय ना. ही आत्या जरा थापा मारायची हे खरं. पण तिच्या थापा पहिल्यांदा उघडकीला आणल्या त्या जयप्रकाशांनीच, वयाच्या सातव्या वर्षी, तिच्याच लग्नात.

अशा माणसाला बँकेच्या दक्षता विभागात नोकरी लागावी हा योग म्हणायचा. निवृत्तीच्या दिवशी सहकाऱ्यांनी भिंतीवरचं घड्याळ भेट दिलं, तर यांनी व्यासपीठावरच त्याचा पाठचा भाग उघडून आतलं यंत्र बघितलं. टाळ्या मग कुणी वाजवल्या नाहीत.

पण या स्वभावाचा खरा त्रास झाला तो वैजयंतीबाईंना, म्हणजे त्यांच्या पत्नीला, आणि तोही हॉटेलात. कारखानिसांची हॉटेलात जेवायची एक पद्धत होती. ऑर्डर द्यायची, ताटं टेबलावर येऊ द्यायची, आणि ताटं आली की उठून थेट भटारखान्यात जायचं. याला ते 'पाहणी' म्हणत. आधी का नाही, तर ताट येईपर्यंत आतली माणसं सावध असतात. ताट गेलं की सैल पडतात, आणि मग खरं काय ते दिसतं. "मी येईपर्यंत हात लावू नकोस," एवढं बायकोला बजावून ते जात. पाहणी सावकाश व्हायची. कढई, फडकी, मोरी, आचाऱ्याची नखं. ते परत येऊन "हं, चालेल" म्हणेपर्यंत डोशाचा पापड झालेला असायचा आणि सुपावर साय धरलेली असायची. लग्नानंतर महाबळेश्वरला खाल्लेल्या पहिल्या कटलेटपासून वैजयंतीबाईंनी बाहेरचं जे जे खाल्लं ते ते गार खाल्लं. आइस्क्रीम तेवढं अपवाद. ते पाहणी होईपर्यंत कोमट व्हायचं.

तर अशा या वैजयंतीबाईंचं मागच्या वर्षी गुडघ्याचं ऑपरेशन झालं, आणि पाय वर करून पडल्या पडल्या त्यांना कोरियन मालिकांचा नाद लागला. गुडघा बरा झाला, नाद राहिला. आणि एका सकाळी चहाच्या वेळी त्या म्हणाल्या, "अहो, पुढच्या महिन्यात मला साठ पूर्ण होतात."

"कागदोपत्री," जयप्रकाश म्हणाले.

"कागदोपत्री आणि गुडघ्यांतसुद्धा. मला साडी नको, हॉल नको, पेढेतुला तर अजिबात नको. मला एकदा कोरियन हॉटेलात जेवायचंय. चांगल्या. खऱ्या."

"कोरियनच का?"

"आहे कारण."

"काय?"

"तिथे बसल्यावर सांगेन." वैजयंतीबाई शाळेत गणित शिकवायच्या. उत्तर पायऱ्यांशिवाय द्यायचं नाही, ही त्यांची सवय. "हॉटेल तुम्ही शोधायचं. वाढदिवस रविवारी येतोय. त्या रविवारपर्यंत सापडलं नाही तर मी विमलबाईंच्या ग्रुपबरोबर जाऊन जेवेन. तुम्ही घरी खिचडी लावा."

जयप्रकाशांना दोन गोष्टी झोंबल्या. एक, बायको आपल्यापासून कारण लपवते आहे. दुसरी, साठीच्या दिवशी ती विमलबाईंच्या शेजारी बसून जेवणार आणि आपण कुकरच्या शिट्या मोजणार. विमलबाई म्हणजे सोसायटीतल्या बायकांना कुठे कुठे घेऊन जाणारी बाई. तिच्या ग्रुपच्या फोटोत सगळ्या नेहमी हसत असतात, आणि हेही जयप्रकाशांना संशयास्पदच वाटायचं.

"सापडेल," ते म्हणाले. "खरं काय ते मीच शोधू शकतो."

सोसायटीच्या कट्ट्यावर विषय निघायला वेळ लागला नाही. नवी मुंबईत कुठल्याही कट्ट्यावर एखाद्या देशाचं नाव काढा. तिथे न गेलेली सगळी माणसं लगेच बोलायला लागतात.

"कोरियन ना, आपल्या सेक्टरातच आहे की," रणजीत देसाई म्हणाले. हे निवृत्त इंजिनियर. ज्यातलं त्यांना कळत नाही असा विषय अजून निघायचा आहे. "ते स्टेशनकडचं चायनीज. आता कोरियनपण ठेवतात."

जयप्रकाश एकटेच पूर्वपाहणीला गेले. पाटीवर आधी 'मोगलाई' असा शब्द होता, त्यावर 'कोरियन'चा स्टिकर लावलेला. उन्हाने स्टिकर अर्धा सोलला होता, त्यामुळे 'कोरिलाई' असं एक तिसरंच राज्य स्थापन झालं होतं.

"कोरियनमध्ये काय आहे?" त्यांनी विचारलं.

"काका, कोरियन म्हणजे आपलं ड्रॅगन चिकनच," वेटर म्हणाला. "वरून तीळ."

"आणि तीळ नको असले तर?"

"मग चायनीज."

जयप्रकाश उठून भटारखान्यात गेले, काय बघायचं ते बघितलं, आणि चेहरा असा करून बाहेर आले की दारातली कुंडीसुद्धा ओशाळली. न खाता ते निघाले. निघताना कोपऱ्यातल्या टेबलाशी एक करड्या शर्टातला माणूस त्यांना दिसला. मध्यमवयीन, गोल चष्मा, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र. समोरच्या तीळवाल्या बशीकडे तो असा बघत होता, जसं कुणी आपलं नाव लिहिलेल्या परक्याच्या फोटोकडे बघावं. मग त्याने मान वर करून जयप्रकाशांकडे बघितलं. बराच वेळ बघितलं.

दुसरा पत्ता कट्ट्यावरच्या सगळ्या नातवंडांनी मिळून सुचवला. वाशीचं एक कॅफे, जिथे रंगीत झगे भाड्याने घालून फोटो काढता येतात. तिथे जयप्रकाशांना मेन्यूत 'जैन किमची' दिसली.

"ही कशाची?"

"कोबीची," मुलगी म्हणाली. "कांदा नाही, लसूण नाही, आलं नाही, आणि आंबवलेली पण नाही."

"मग उरलं काय?"

मुलीने क्षणभर विचार केला. "कोबी."

भटारखाना बघायला ते आत गेले तर भटारखानाच नव्हता. एक किटली आणि पाकिटांची चळत होती. ते बाहेर आले, नेहमीच्या चेहऱ्याने. आणि पाहतात तो खिडकीपाशी तोच करडा शर्ट, तोच गोल चष्मा. या वेळी जयप्रकाशांनी त्याचं ओळखपत्र चष्मा सरळ करून वाचलं. कंपनी कोरियन. नाव चोई.

आणि तिथे, जैन किमचीच्या साक्षीने, त्यांना साक्षात्कार झाला. बँकेत मॅनेजर काय करतो हे कळायला मॅनेजरला विचारायचं नसतं, त्याच्या मागे जायचं असतं. खरं कोरियन जेवण कुठे मिळतं हे कट्ट्याला काय विचारायचं? खरा कोरियन समोर बसलाय. दोन वेळा फसलेला माणूस तिसऱ्या वेळी पोट भरायला कुठे तरी खात्रीच्या जागी जाणारच. आपण फक्त मागे मागे जायचं.

त्या संध्याकाळी करड्या शर्टाच्या मागे जाऊन त्यांनी त्याचं घर काढलं. बोनकोड्यात, गावठाणाच्या तोंडाशी धनेश पाटलांची तीन मजली इमारत आहे, तिच्या वरच्या मजल्यावर. धनेश खाली खुर्ची टाकून बसला होता.

"हे वर गेले ते कोण?" जयप्रकाशांनी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"चोईशेठ? भाडेकरू हाय आमचा. कोरियाचा."

"कशावरून?"

"पासपोर्ट बघितला ना मी. पोलीस व्हेरिफिकेशन केलंय."

"पासपोर्ट खरा होता कशावरून?"

धनेशने खुर्ची जरा मागे सरकवली. "काका, तुमी कोन?"

"मी इथे जवळच राहतो," जयप्रकाश म्हणाले, आणि दक्षता विभागात शिकवतात तसं, घाई न करता पण लवकर निघून गेले.

आता पाठलाग म्हणजे काय सोपी गोष्ट नाही. रविवारी सकाळी जयप्रकाश छत्री, टोपी आणि कालचं वर्तमानपत्र घेऊन बोनकोड्याच्या नाक्यावर उभे राहिले. कालचं अशासाठी, की आजचं असतं तर वाचण्यात लक्ष गेलं असतं. चोई खाली आला, इकडेतिकडे बघितलं, आणि बाजाराच्या दिशेने निघाला. जयप्रकाश मागे. चोई मध्येच थांबला. जयप्रकाश शहाळेवाल्यापाशी थांबले. चोई पलीकडच्या टपरीला टेकला. दोघेही उभे. शहाळेवाल्याने एक शहाळं सोललं, जयप्रकाशांनी आत वाकून बघितलं. पलीकडे चोईनेही मान लांब करून बघितलं. मग कंटाळून जयप्रकाश चार पावलं पुढे गेले, वळून बघतात तर चोई नाही. पुढे बघितलं, नाही. चोई त्यांच्या मागे होता.

दक्षता विभागात इतकी वर्षं काढलेल्या माणसाला एवढं पुरतं. हा निव्वळ योगायोग नव्हे.

खात्री करायला त्यांनी बाजाराला एक फेरी घातली. चोई मागे. ते वेगाने वळले, चोईही वळला, आणि वळता वळता पुढे निघून गेला; मग जयप्रकाश मागे. असं कोण पुढे, कोण मागे, हे दोघांनाही कळेनासं होईस्तोवर ही वरात मासळी बाजाराभोवती फिरली. शेवटी पाटावर बसलेली कोळीण म्हणाली, "ओ काका, कवापासून बघते. दोगंबी माझ्या पापलेटाला प्रदक्षिना घालताव. घेनार कोन हाय?"

घरी परतले तर मागोमाग मोबाइल वाजला. सोसायटीच्या ॲपवर सूचना होती: तुमची डिलिव्हरी गेटवर आली आहे.

जयप्रकाशांनी काही मागवलं नव्हतं. ते गॅलरीतून डोकावले. गेटबाहेर चोई.

"ज्ञानू," त्यांनी इंटरकॉमवरून वॉचमनला विचारलं, "हे डिलिव्हरी काय आहे?"

"साहेब, काय करू? तो मानूस तुमच्या मागून आला आन उभाच राहिला. ॲपमध्ये 'कोणाकडे' असं येतं, 'कोणाच्या मागे' असं येत नाही. म्हणून डिलिव्हरीत टाकला."

"मग त्याला विचार ना, काय पाहिजे."

"विचारलं. तो नुसता पोटावर हात ठेवून वाकतो."

ही वाकण्याची बातमी कट्ट्यावर पोचली तेव्हा तिचं वजन वाढलं होतं. सोसायटीच्या सेक्रेटरी सुचिता सबनीस यांनी ग्रुपवर निवेदन टाकलं: 'आपल्या एका ज्येष्ठ सदस्यावर परदेशी नजर असल्याचे निदर्शनास आले आहे. सर्वांनी कचरा ओला व सुका वेगळा करावा.' दुसऱ्या वाक्याचा पहिल्याशी संबंध नव्हता. सुचिताबाई कुठल्याही निवेदनात कचरा घालतातच. कमिटीच्या मीटिंगमध्ये विषय घेतला गेला, 'सदस्याचा पाठलाग होणे', तो गळक्या टाकीच्या नंतर होता, आणि टाकीवरच भांडण झाल्यामुळे पुढे ढकलला गेला.

"बँकेतली काही जुनी भानगड माहीत आहे का तुला?" रणजीत देसाईंनी आवाज खाली आणून विचारलं.

"ते मी सांगू शकत नाही," जयप्रकाश म्हणाले. त्यांना कसलीही भानगड माहीत नव्हती. पण निवृत्तीनंतर एवढ्या लोकांनी एवढ्या आस्थेने काही विचारल्याचं त्यांना आठवत नव्हतं. पुढचे काही दिवस ते कट्ट्यावर भिंतीला पाठ टेकून बसू लागले, आणि चालताना दुकानांच्या काचांतून मागे बघू लागले. मागे चोई असायचाच. सकाळी कामावर जाण्याआधी, संध्याकाळी परतल्यावर, पोटावर हात ठेवून.

वैजयंतीबाईंनी हे सगळं ऐकून घेतलं. "हॉटेल सापडलं का?" एवढंच त्यांनी विचारलं.

"तेच प्रकरण चालू आहे. खोल आहे."

"विमलबाईंनी टेम्पो ट्रॅव्हलर ठरवली आहे. एक सीट ठेवली आहे त्यांनी माझ्यासाठी." आणि त्या मालिका बघायला आत गेल्या. आतून कसला तरी चरचर आवाज येत होता, काही तरी भाजत असल्यासारखा, आणि वैजयंतीबाई एकाग्र होऊन बघत होत्या.

साठीच्या आदल्या संध्याकाळी जयप्रकाशांनी ठरवलं, आज सोक्षमोक्ष. त्यांनी जुना डाव टाकला. बोनकोडे गावठाणात शिरायचं, अरुंद गल्लीत वळायचं, वळणापाशी दबा धरायचा, आणि चोई वळला की छत्रीची मूठ त्याच्या कोपरात अडकवून विचारायचं. डाव चांगला होता. चोई मागे होताच. जयप्रकाश वळले, परत वळले, आणि समोर गल्लीच संपली. म्हणजे गल्ली होती, पण ती अख्खी मांडवात गेली होती. गावात हळद असली की रस्ता मांडवाचा होतो, रहदारीने आपलं बघून घ्यायचं. झालरी, फुगे, आत धवले गाणाऱ्या बाया, आणि मांडवाच्या तोंडाशी धनेशची आई, सुंदराबाई, हातात हळदीची वाटी घेऊन.

"आयलाव?" ती म्हणाली. "कवाची वाट बघतेय. मोऱ्यासनं यवाला एवढा टाइम?"

"नाही, मी तो नव्हे," जयप्रकाश म्हणाले.

"नवरीचं मामा लाजाळू हाय असं ऐकलंवतं," सुंदराबाई मागे बायांना म्हणाली, आणि तिने त्यांच्या दोन्ही गालांना हळद फासली. आता हळदीच्या मांडवातून न जेवता माणूस बाहेर पडला असं बोनकोड्यात आजवर झालेलं नाही, आणि जयप्रकाश कारखानिसांसाठी ते होणार नव्हतं. उरणकडच्या मोऱ्याहून येणाऱ्या मामाच्या मानाच्या खुर्चीवर त्यांना बसवण्यात आलं. पानं मांडली गेली. तेवढ्यात गल्लीच्या वळणावर चोई उगवला.

"चोई, ये बाला," सुंदराबाई म्हणाली. "बस पावन्याच्या बाजूला."

चोई बसला. त्याच्याही गालांना हळद लागली. दोघा पिवळ्या माणसांनी एकमेकांकडे बघितलं. चोईचे डोळे पाणावले होते. एखाद्याची फार दिवसांची आशा फळाला यावी तसा त्याचा चेहरा. तांदळाच्या भाकऱ्या आल्या, मटणाचा रस्सा आला, बाजूला सुकटाची चटणी.

आणि ताट पुढ्यात आलं, तसे जयप्रकाश सवयीने उठले. पाय आपोआप मांडवाच्या मागे चालू लागले, जिथे चुलवाणावर मोठाले टोप चढले होते. त्यांच्या मागे चोईही उठला. जयप्रकाशांनी टोपात डोकावून बघितलं. चोईनेही बघितलं, आणि मग कमरेत वाकून टोपाला नमस्कार केला. जयप्रकाशांनी आचाऱ्याची नखं तपासली. चोईने आचाऱ्याचे दोन्ही हात हातात घेतले आणि त्यालाही नमस्कार केला.

सुंदराबाई कमरेवर हात ठेवून हे बघत होती. "बगा," ती सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असं म्हणाली, "हा परदेशी हाय, पन अन्नाला नमस्कार करतो. आनी हे मोऱ्याचे मामा, टोपात डोकावतान. काय मामा, काय सापडला का टोपात?"

मांडव हसला. धवले गाणाऱ्या एका बाईने लगेच मामाच्या नाकावर एक कडवं रचलं आणि बाकीच्यांनी ते उचललं. इतक्या वर्षांच्या नोकरीत असा अपमान झाला नव्हता. जयप्रकाश खाली मान घालून खुर्चीवर येऊन बसले. एवढ्यात खरा मामा मोऱ्याहून आला, घामाघूम आणि अजिबात न लाजणारा, आणि जयप्रकाशांना मानाची खुर्चीही सोडावी लागली. जेवायचं मात्र कुणी थांबवलं नाही. "कोनबी असा, जेवा आधी," सुंदराबाई म्हणाली.

चोई जेवला. असा जेवला, की वाढणाऱ्याला खांदा बदलावा लागला. मग हात धुऊन त्याने खिशातून मोबाइल काढला, त्यात काही तरी बोलला, आणि फोन जयप्रकाशांपुढे धरला. फोनमधून एक बाई अतिशय शुद्ध मराठीत बोलू लागली.

"आदरणीय वृद्ध पुरुष. मी बरेच दिवस आपला पाठलाग करीत आहे. क्षमा असावी."

"ते मला माहीत आहे," जयप्रकाश म्हणाले. "कुणी पाठवलंय तुम्हाला?"

फोन तिकडे गेला, इकडे आला. "माझ्या पोटाने पाठवले आहे. मला या प्रदेशाचे खरे जेवण जेवायचे होते. माझ्या वडिलांनी सांगितले आहे, परक्या गावात स्थानिक वृद्धाच्या मागे जावे. मी आपणास दोन भोजनालयांत पाहिले. आपण स्वयंपाकघर पाहिले, चेहरा असा केला, आणि न जेवता गेलात." इथे चोईने तो चेहरा करून दाखवला. हुबेहूब होता. "मी विचार केला, हा मनुष्य फार कडक आहे. हा जिथे अखेर जेवेल, ते सर्वोत्तम. परंतु आपण कोठेच जेवत नाही. मी वाट पाहिली. मी बारीक झालो. आज आपण मला येथे आणले. धन्यवाद."

बँकेची भानगड, परदेशी नजर, भिंतीला टेकलेली पाठ, सगळं जयप्रकाशांच्या डोळ्यांसमोरून गेलं आणि सुकटाच्या चटणीत बुडालं. मग त्यांनी फोनमधल्या बाईला विचारलं, "त्याला सांगा, मीही त्याच्याच मागे होतो. मला खरं कोरियन हॉटेल पाहिजे आहे. उद्याच. बायकोची साठी आहे. इथे आहे का असं काही?"

चोईने ऐकलं आणि त्याचा चेहरा उजळला.

"आहे," फोन म्हणाला. "सीवूड्सजवळ. पाटी नाही. आमच्या गावची एक बाई चालवते. मी दर रविवारी तेथेच जेवतो. परंतु हे काही रविवार जाता आले नाही." फोन क्षणभर थांबला. "कारण मी आपल्या मागे होतो."

सोसायटीच्या गेटवर दोन पिवळ्या गालांची माणसं एकत्र आली तेव्हा ज्ञानू उठून उभा राहिला. "साहेब, आता याला कशात टाकू?"

"पाहुणा," जयप्रकाश म्हणाले.

त्यांचा पिवळा चेहरा बघून वैजयंतीबाईंनी आधी कावीळ की काय ते विचारलं, मग चोईकडे बघितलं, मग सगळं ऐकलं. ऐकून झाल्यावर त्यांनी विमलबाईंना फोन केला. "सीट दुसऱ्या कुणाला द्या," त्या म्हणाल्या. "सापडलं. पण आत जाईपर्यंत खरं धरू नका, हे आहेत बरोबर."

दुसऱ्या दिवशी एका रो-हाउसच्या दाराशी तिघांनी चपला काढल्या. पाटी खरंच नव्हती. पाटी नसलेली जागा, चपला बाहेर, आणि दार उघडणारी बाई ओळखीचं हसते; जयप्रकाशांच्या मनात एकेक घंटा वाजत होती. आत बुटकी टेबलं; गुडघ्यासाठी वैजयंतीबाई भिंतीला टेकून, पाय लांब करून बसल्या. ऑर्डर चोईने दिली. बशा आल्या, दहा-बारा, लहान लहान, न मागितलेल्या. त्यांनी प्रत्येकीचा वास घेतला. मग मुख्य ताट आलं.

ताट आलं तसा चोई उठला. अदबीने, दोन्ही हात पुढे जुळवून, जयप्रकाशांच्या उठण्याची वाट बघत उभा राहिला.

"हे का उठले?" वैजयंतीबाईंनी विचारलं.

जयप्रकाशांनी बशीतल्या कोबीकडे बघितलं. "त्यांना वाटतंय, आपल्याकडे जेवणाआधी स्वयंपाकघर बघायची पद्धत आहे."

"आपल्याकडे म्हणजे?"

"महाराष्ट्रात."

वैजयंतीबाई हसल्या नाहीत. "बरोबर आहे त्यांचं," त्या म्हणाल्या. "लग्न झाल्यापासून मी त्याच महाराष्ट्रात राहतेय."

जयप्रकाश खुर्ची मागे सरकवायला गेले, पण खुर्ची नव्हती, जमिनीवर उशी होती. ते गुडघ्यावर अर्धवट उठले आणि तसेच थांबले. काही तरी चुकत होतं. समोरच्या ताटात मांस होतं, पण कच्चं. त्या बाईने टेबलाच्या मध्यावरचं झाकण काढलं, तर खाली निखारे. जाळी ठेवली. चिमटा आणि कात्री त्यांच्याच हाताशी. तुकडे जाळीवर पडले आणि चरचर आवाज झाला, त्यांच्या घरी आतल्या खोलीतून महिनाभर येत होता तोच.

"तुम्हाला कारण पाहिजे होतं ना," वैजयंतीबाई जाळीवरून नजर न हलवता म्हणाल्या. "त्या मालिकांत मी पहिल्यांदा हे बघितलं. शेगडी टेबलावर. मांस समोर, विस्तव समोर, भाजणारा समोर. मी विचार केला, इथे यांना उठून जायला जागाच नाही. मला एकदा बाहेर गरम जेवायचं होतं हो. एवढंच होतं."

चोई अजून उभाच होता. जयप्रकाशांनी त्याच्याकडे बघितलं, आणि हाताने बस म्हणून खूण केली. मग स्वतःही बसले. स्वयंपाकघराच्या दारावर एक पडदा होता, निळा, मध्ये फट असलेला, आणि त्या फटीतून आतलं जेमतेम दिसत होतं. त्यांनी पाठ तिकडे केली.

वैजयंतीबाईंनी चिमट्याने एक तुकडा उचलला, फुंकर घातली नाही, तसाच तोंडात टाकला. तोंड भाजलं असणार; त्यांनी डोळे मिटले आणि मिटूनच ठेवले. मग दुसरा. चोई लगबगीने भाजत होता आणि त्या खात होत्या, आणि जयप्रकाश चिमटा हातात घेऊन बघत होते की ही अशी भराभर जेवते, हे आपल्याला ठाऊकच नव्हतं.

मग चोईने दाखवलं तसं वैजयंतीबाईंनी एक हिरवं पान तळहातावर घेतलं, त्यात काय काय ठेवलं, लाल काही तरी, पांढरं काही तरी, वर जाळीवरचा तुकडा, आणि पान दुमडून बंद गोळा केला. आपल्या तोंडाकडे नेता नेता त्या थांबल्या आणि तो त्यांनी नवऱ्यापुढे धरला.

जयप्रकाशांचा हात वर आला. पान उलगडून आत बघायला दोन बोटं पुरली असती. बोटं तिथपर्यंत गेलीही. वैजयंतीबाई बघत होत्या. चोईही बघत होता, तोंड उघडं टाकून, जणू याही वेळी काही पद्धत असणार आणि ती शिकायची राहू नये.

जयप्रकाशांनी हात खाली घेतला आणि तोंड उघडलं.

"भाजलं," ते थोड्या वेळाने म्हणाले. डोळ्यांतून पाणी येत होतं. "फार गरम आहे."

"हो ना," वैजयंतीबाई म्हणाल्या, आणि पुढचं पान घेतलं.